जळण्याच्या अलीकडे

लोहार चाळीत शब्बीरभाईने काउंटरवर तीन यंत्रं मांडली.
एक पेनाएवढं, खिशाला लटकणारं.
एक मुठीत मावणारं, काळं, हाताला जड.
एक काचेच्या घुमटाचं,
पोटात बारकासा पंखा.
मी किंमत विचारली.
तो म्हणाला, "पैला हे सांग बेटी, कोणासाठी?"

वडलांसाठी.
विश्राम दाभोळकर, भायखळ्याचं अग्निशमन केंद्र, एकतीस वर्षं.
आगीतून बाहेर आले की बंबाच्या पायरीवर बसून
विडी पेटवायचे.
"आतला धूर सरकारी, हा माझा."
छातीच्या डॉक्टरीणबाईंनी आता दोन्ही बंद केलेत.
उदबत्ती बंद. डासांची कॉइल बंद.
शेजारच्या शेगडीवर बांगडा भाजला
तरी आमची खिडकी बंद.

शब्बीरभाई विचारत गेला,
मी वडलांना तुकड्या-तुकड्यानं सांगत गेले.
हात थरथरतो? चहाची बशी वाजते.
नजर? लाल दिवा दिसतो, तो सगळ्यांआधी दिसतो.
पलंगापासून प्लग किती लांब?
आणि रोज धुणार कोण?
ह्याच्यावर मी जरा थांबले.
"मग काचेचंच ने. प्लास्टिक तापलं
की आपला वास मधे घुसवतं,
लग्नात न बोलावलेल्या काकासारखं."

पेनात पान तापल्या तारेला चिकटतं,
एका कडेनं करपतं, दुसरीकडे कच्चंच राहतं.
ह्यात गरम हवा पानांमधून चालत जाते,
कोणाला हात न लावता.
तुळशीला आकडा कमी, ओव्याला थोडा वर.
"त्याच्याही वर नेलास तर विडीच झाली ना,
मग माझ्याकडे कशाला आलीस?"

बाईंनी बजावलं होतं, छातीत काही ओढायचं नाही.
खोलीत वास दरवळला तर दरवळू दे,
खोकला आला की बटण बंद.
म्हणजे पेन बाद.
तरी मी ते हातात धरून उभी राहिले,
कारण वडलांच्या बोटांनी तेच मागितलं असतं.
मग ठेवलं परत.

घोडपदेवला घरी आणलं तर वडलांनी आधी वायर तपासली.
टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, पडद्याला गाठ मारली.
अर्धी बादली पाणी आणलं,
"विजेवर पाणी?" असं स्वतःलाच दटावून
ओतून आले मोरीत,
आणि कुंडीतली कोरडी माती डब्यात भरून
शेजारी ठेवली.

आकडा चढत होता. नव्वद. एकशे दहा.
ते घुमटाकडे बघत म्हणाले,
"लाकूड एकदम पेटत नाही गं.
आधी वास सोडतं.
दाराचा वेगळा, कपाटाचा वेगळा, पाळण्याचा वेगळा.
तो आला की समजायचं,
अजून दोन मिनिटं आहेत आपल्याकडे."

पाळण्याचं पुढे काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही.

तुळस आली मग, तिच्यामागून चिमूटभर ओवा,
औषधाच्या बाटल्यांवरून, कॅलेंडरवरून,
खुंटीवरच्या जुन्या खाकी पट्ट्यावरून.
वडलांच्या गुडघ्यावर उजव्या हाताची दोन बोटं
जराशी फाकलेली, मधे काही नाही.
किती वेळ तशीच होती.

यंत्र आपोआप बंद झालं. लाल दिवा गेला.
त्यांनी थंड होऊ दिलं, घड्याळ लावून, दहा मिनिटं,
मग घुमट उचलला,
चिमटीत एक पान घेतलं.
तपकिरी, हलकं, शीर न् शीर शाबूत.

तळहातावर धरून माझ्यापुढे केलं,
जसं काही आतून बाहेर काढून आणलंय कुणाला.
"अख्खं आहे," म्हणाले.
"बघ. अख्खं."